लेकीची पऱ्हाटी

आमच्या ख्रिस्ती मंडळीचा चिटणीस म्हणून मी एकोणीस वर्षं ठराव लिहीत आलो आहे. त्यातल्या एकाच ठरावाची मला लाज वाटते. तो १ डिसेंबर १९६३ चा. 'नाताळात मंडळीच्या आवारात झाड उभारण्यात येऊ नये. ही प्रथा मूर्तिपूजक लोकांकडून आलेली आहे. संबंधितांना चिटणीसांनी कळवावे.' अक्षर माझं आहे, वळणदार आहे. सूचना माझी नव्हती, पण हात मीही वर केला होता.

सावळी हे आमचं गाव अमडापूरपासून चार कोसांवर. गावात ख्रिस्ती घरं अकरा, एक पत्र्याचं चर्च आणि एक प्राथमिक शाळा, जिथे मी मास्तर. मिशनचे साहेब आणि मडम होते तोवर आम्ही त्यांच्या मनाने वागत होतो. ते १९६१ साली कायमचे मायदेशी गेले, तेव्हापासून त्यांच्या आठवणीने वागत होतो. फरक फारसा पडला नाही. मग त्रेसष्टच्या जूनमध्ये नवे पाळक आले, हिंमतराव. वय अठ्ठावीस, नगरकडचे. सोबत दिवस गेलेली बायको रुख्मिणीबाई आणि दोन ट्रंका. एका ट्रंकेत कपडे आणि भांडी, दुसरीत नुसती पुस्तकं. दुसरी उचलायला चार माणसं लागली, तेव्हाच मी ओळखायला हवं होतं.

माणूस वाईट नव्हता. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे मी त्यांच्यावर बराच चिडणार आहे.

नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी हिंमतरावांनी व्यासपीठावर एक पातळ पुस्तिका आणली आणि नाताळ कुठून आला ते सांगितलं. पंचवीस डिसेंबर हा रोमी लोकांच्या सूर्यदेवाचा दिवस होता म्हणे. हिरवं झाड घरात आणून सजवणं हे जर्मनीच्या रानातल्या वृक्षपूजकांचं. दिवे लावणं, भेटी देणं, गोडधोड करणं, सगळं कुणा ना कुणा मूर्तिपूजकाचं निघालं. दूरच्या गावातल्या भाऊबंदकीची हकिकत ऐकावी तसं आम्ही ते शांतपणे ऐकलं. रोमी लोकांबद्दल आमच्या मनात काहीच नव्हतं.

"मंग येशू जलमला का नाही?" मागून वच्छलाबाईंनी विचारलं.

"जन्मला. पण त्या दिवशी नव्हे," हिंमतराव म्हणाले. "शास्त्रात मेंढपाळ रात्री रानात होते असं आहे. डिसेंबरच्या थंडीत मेंढरं रानात कोण ठेवील?"

"आमी ठेवतो," कडूबा म्हणाला. कडूबाकडे चाळीस मेंढरं आहेत आणि तो आमच्या पाच पंचांपैकी एक आहे. "पऱ्हाट्या वेचून झाल्या का वावरात बसवतो. शेतकरी बलावते खतासाठी. डिसेंबरातच तं बसवतो."

हिंमतरावांनी पुस्तिकेत पाहिलं. तिच्यात कडूबाची सोय नव्हती. त्यांनी गीत सुरू केलं.

पुढच्या रविवारी, एक डिसेंबरला, उपासना संपल्यावर पंचांची बैठक झाली. सूर्यदेवाच्या तारखेवर बराच खल झाला. तारीख बदलावी असं हिंमतरावांना मनापासून वाटत होतं, पण सरकारी सुट्टी पंचवीसलाच असते असं मी सांगितलं, तेव्हा तारीख तशीच राहिली. दारावर लावायचा कागदी तारा राहिला, कारण शास्त्रात तारा आहेच. करंज्या राहिल्या, कारण त्या बायका घरी तळतात आणि तिथे पंचांचं काही चालत नाही. गव्हाणीत ठेवायची लाकडी बाहुली मात्र गेली. ती मूर्तीच झाली, असं हिंमतराव म्हणाले. तिच्या जागी आपली चार महिन्यांची मुलगी ठेवायचं त्यांनी कबूल केलं. आता उरलं झाड.

झाड सोडायला सगळे एका मिनिटात तयार झाले. ते आमच्यापैकी कुणाचंच नव्हतं ना! आपलं नसलेलं सोडताना माणसाला आपण फार धार्मिक झाल्यासारखं वाटतं. मलाही वाटलं.

झाड अन्नपूर्णाबाईंचं होतं, आणि त्या पंच नव्हत्या. बैठक चालू असताना त्या बाहेर ओट्यावर सतरंज्या झटकत होत्या.

आता त्या झाडाची गोष्ट. अन्नपूर्णाबाई मूळच्या वरखेडच्या, चांगल्या जमीनवाल्या कुणबी घरातल्या. त्यांचे मालक शालिग्राम एकदा मिशनच्या दवाखान्यात दीड महिना पडून होते. मरता मरता वाचले. बरे झाल्यावर वर्षभर विचार केला आणि १९३२ साली नवराबायको दोघांनी बाप्तिस्मा घेतला. वरखेडहून अन्नपूर्णाबाईंचे थोरले भाऊ अर्जुनराव यांचा निरोप आला, आजपासून अबोला. आणि तो त्यांनी पाळला. बापाच्या तेरवीचं बोलावणं नाही, भाऊबीज नाही. अमडापूरच्या बाजारात बहीणभाऊ एकाच दुकानाशी उभे राहून मेथीचं बी घ्यायचे आणि तोंडं दोन दिशांना. शालिग्राम वारले तेव्हा अर्जुनराव गावाच्या वेशीपर्यंत आले, तिथे निंबाखाली मूठमाती होईस्तोवर उभे राहिले आणि परत गेले.

त्याच बत्तीस सालच्या नाताळात मडमला झाड हवं झालं. तिने एका चित्रात दाखवलं, टोकदार, हिरवंगार, वर पांढरा बर्फ. असं झाड आमच्याकडे कुठून येणार? साहेबांनी एक बाभूळ तोडून आणली. ती सजवताना तिघांच्या हातांतून रक्त आलं आणि मडमची बाही फाटली. तरी आम्ही तिच्याभोवती उभं राहून आनंदाची गीतं म्हटली.

पुढच्या वर्षी चोवीस डिसेंबरला वरखेडहून एक बैलगाडी आली. गड्याने अन्नपूर्णाबाईंच्या दाराशी कापसाची एक पऱ्हाटी ठेवली, मुळासकट उपटलेली, छातीइतकी उंच. सगळी बोंडं फुटलेली आणि त्यातलं एकही वेचलेलं नाही. गडी एक शब्द न बोलता गेला. मडमला झाड हवं होतं हे अन्नपूर्णाबाईंना ठाऊक होतं. त्यांनी ती पऱ्हाटी रॉकेलच्या डब्यात माती भरून रोवली आणि चर्चमध्ये नेऊन ठेवली. मडमने ती पाहिली आणि चक्क रडायला लागली. पांढरा कापूस बघून तिला तिच्या गावचा बर्फ आठवला. आम्ही बर्फ पाहिलेला नव्हता, त्यामुळे आम्हाला कापूसच दिसला.

तेव्हापासून दर वर्षी चोवीस तारखेला गाडी आली. पाऊस दगा देवो, बोंडअळी येवो, पऱ्हाटी चुकली नाही. अशा तीस पऱ्हाट्या झाल्या. अन्नपूर्णाबाई नाताळच्या उपासनेला त्या डब्याच्या अगदी जवळ बसायच्या आणि मधूनच एखाद्या बोंडाला बोट लावायच्या. आपलं माहेर अजून शाबूत आहे, हे त्यांना वर्षातून एकदा असं कळायचं. दुसरा मार्ग नव्हता. हे सगळ्या सावळीला ठाऊक होतं, पंचांनाही, मलाही. हिंमतरावांना ठाऊक नव्हतं, आणि आम्ही पाच जाणत्या माणसांनी त्यांना सांगितलं नाही. विषय जर्मनीचा चालला होता, त्यात वरखेड कुठे आणायचं, असं तेव्हा वाटलं.

ठराव झाला त्या दिवशी संध्याकाळी मी अन्नपूर्णाबाईंकडे गेलो. त्या वांग्यांना पाणी देत होत्या. मी वाचून दाखवलं. त्यांनी पाण्याच्या दांडाचं तोंड मातीने बंद केलं आणि हात धुतले.

"कोन सांगन भाऊले?" त्यांनी विचारलं.

"चिटणीसांनी कळवावे असं आहे."

"मंग कळवा," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

मी तीन आठवडे टाळलं. आधी शाळेची परीक्षा होती, मग तपासणी होती, मग काहीच नव्हतं तरी टाळलं. शेवटी तेवीस तारीख आली. उद्या गाडी निघणार म्हणून मी सकाळी सकाळी कोट चढवून बाहेर पडलो, तर अन्नपूर्णाबाई माझ्या ओट्यावर बसलेल्या. धुतलेलं लुगडं, हातात काठी.

"मीही येते," त्या म्हणाल्या. "माह्या माहेरचा निरोप हाये. परक्याच्या हातानं कायले धाडू?"

एकतीस वर्षांनी बहीण भावाच्या दारात जाणार आणि जाऊन म्हणणार काय, तर तुझं झाड नको. मला तेव्हाच परत फिरावंसं वाटलं होतं. पण चिटणीसपण अंगात मुरलेलं असतं. आम्ही अमडापूरपर्यंत एसटीने गेलो आणि पुढे पायी. वाटेत त्या एकदाच बोलल्या. डावीकडच्या विहिरीकडे बघून म्हणाल्या, "इथं जांभूळ होता."

अर्जुनराव वावरातच होते. सत्तरीला टेकलेले, काटक, डोक्याला पांढरा पटका. वेचणी संपत आली होती, पलीकडच्या ओळींत चार बाया राहिलेलं बोंड न् बोंड वेचत होत्या. आम्हाला बघून ते उठले. बहिणीकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं. मग माझ्याकडे वळले.

"मास्तर, तिले बसाले सांगा."

त्या माझ्यापासून हातभर अंतरावर उभ्या होत्या. मी म्हणालो, "बसा."

"त्यायले सांगा, मी उभीच बरी हाये."

"त्या उभ्याच बऱ्या आहेत," मी म्हणालो.

"पानी देऊ काय इचारा."

"पाणी?"

"घेते म्हना."

असं ते चाललं. मी आयुष्यभर मुलांना शिकवलं, पण त्या दिवशी मी पोस्टाची पेटी झालो होतो. पाणी पिऊन झाल्यावर मी खिशातून कागद काढला आणि ठराव वाचला. पहिलं वाक्य मोठ्याने वाचलं, दुसरं जरा हळू, तिसरं मनातल्या मनात.

अर्जुनरावांनी डोक्यावरचा पटका सारखा केला.

"मूर्तिपूजक म्हंजे कोन? आमी?"

"नाही, नाही. जर्मन."

"ते कोन होत?"

"तिकडचे. फार जुने लोक. झाडांची पूजा करायचे."

"मंग त्यात काय? आमीही करतो," अर्जुनराव म्हणाले. "याच पऱ्हाटीची करतो."

त्यांनी काठीने दाखवलं. वावराच्या धुऱ्याशी, बांधाच्या कोपऱ्यात, एक पऱ्हाटी उभी होती. सगळं वावर वेचून भुंडं झालेलं, आणि ही एकटी अंगभर पांढरी. तिच्या बुडाशी पाच दगड मांडलेले. दगडांना शेंदूर. समोर एक मातीची पणती, तिच्यात दिवाळीच्या सुमाराला कधीतरी ठेवलेल्या दहीभाताचे वाळलेले दाणे.

मला ती पूजा ठाऊक नव्हती असं नाही. वेचणी सुरू करताना कुणबी लोक सीतादही करतात, पऱ्हाटीला दहीभाताचा निवद दाखवतात, हे आमच्या भागात कोणाला ठाऊक नाही? पण चर्चमधली पऱ्हाटी ही तीच, हे एवढ्या वर्षांत माझ्या डोक्यात आलं नव्हतं. ज्या झाडाभोवती उभं राहून आम्ही तीस नाताळ केले, त्या प्रत्येक झाडाच्या बुडाशी आधी शेंदूर लागला होता. हिंमतराव बिचारे जर्मनीपर्यंत जाऊन आले होते. त्यांना वरखेडपर्यंत येणं पुरलं असतं.

मी अन्नपूर्णाबाईंकडे वळलो. "तुम्हाला ठाऊक होतं?"

"हाव. लग्नाच्या आंधी दहीभात मीच तं ठेवो."

"मग तीस वर्षांत कधी बोलला नाहीत?"

"कोनं इचारलं?" त्या म्हणाल्या. "साहेबानं इचारलं नाही, मडमनं इचारलं नाही. पंचायनं तं मले कधी काहीच इचारलं नाही."

मी ठरावाची घडी केली आणि खिशात ठेवली.

अर्जुनराव धुऱ्यावर बसले आणि माझ्याकडे बघून बोलू लागले, पण आवाज माझ्या पलीकडे जाईल इतका होता. "आमच्या घरची रीत हाये मास्तर. सीतादहीची पऱ्हाटी कोनी वेचत नाही. शेवटी घरची लेक येते, ते वेचते, तवा वेचनी सरते. तो कापूस लेकीचा. सरकी काढून ते लेकीनं वापस आनून द्याची, ते पुढल्या सालच्या बियात मिसळते. हे वावरात येत नव्हती. म्हून मी झाडच उपटून तिच्या दारात धाडो. धरम तिनं सोडला, मी नाही सोडला. माह्या धरमात लेकीचा वाटा हाये."

"आणि सरकी?" मी विचारलं.

"ते कशी येईन? आनाले तिले याव लागते. अन् मी बलावलंच नाही."

नाताळ झाला की झाड मडमच्या बंगल्यावर चुलीत जायचं, सरकीसकट. हे मी त्यांना सांगितलं नाही.

अर्जुनराव उठले. आता त्यांचा आवाज बदलला. "तिले इचारा मास्तर, वाटा नोको म्हंते काय? कागद नोको मले. तिच्या तोंडानं म्हनाव. लेकीनं वाटा नोको म्हटलं का तिचं माहेर सरलं. मंग पुढल्या साली मी हे झाड ठेवत नाही. याच साली वेचून मोकळा होतो."

तिकडच्या बाया वेचायच्या थांबल्या होत्या. मी अन्नपूर्णाबाईंना काही विचारू शकलो नाही. विचारायची गरजही नव्हती. त्या बाईला दोनच गोष्टी होत्या, चर्च आणि वर्षातली ती एक पऱ्हाटी, आणि आम्ही पाच जणांनी हात वर करून त्यांतली एक काढून घ्यायला सांगितली होती. मला माझ्या वळणदार अक्षराचा संताप आला. तो कागद तिथेच फाडावा असं वाटलं. फाडला नाही, कारण तो मंडळीचा होता.

अन्नपूर्णाबाईंनी काठीवर भार दिला. मग म्हणाल्या, "त्यायले सांगा, झाड चर्चात येनार नाही. मंडळीनं ठरवलं ते ठरवलं. मंडळी माही हाये."

मी सांगितलं. अर्जुनरावांनी मान खाली घातली.

"अन् हेही सांगा," त्या म्हणाल्या. "मी आली हाये."

आणि मी ते सांगायच्या आधीच त्यांनी काठी धुऱ्यावर टाकली, पदराची झोळी करून कमरेला खोचली आणि त्या कोपऱ्याकडे चालू लागल्या. पाच दगडांना वळसा घातला. नमस्कार केला नाही, पाय लागू दिला नाही. पलीकडून पऱ्हाटीशी गेल्या आणि पहिलं बोंड वेचलं.

डिसेंबर अखेरची पऱ्हाटी म्हणजे वाळून कडक झालेली असते. बोंडाची टोकं नखात शिरतात. वेचणाऱ्या बायांची बोटं रुळलेली असतात, पण अन्नपूर्णाबाईंनी एकतीस वर्षं भाजीच पिकवली होती, त्यांना सवय राहिली नव्हती. तिसऱ्या की चौथ्या बोंडाला त्यांनी हात झटकन मागे घेतला.

"बोटं सांभाळ, अन्ने. वाळली हाये ते," अर्जुनराव म्हणाले.

मी निरोप पोचवायला तोंड उघडलं, आणि मिटलं.

"दिसते मले," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. वळून पाहिलं नाही.

"तुले काय दिसते? आंधीपासून तशीच घाई."

"तुमी लय धिरानं घेतलं," त्या म्हणाल्या, "एकतीस साल."

एवढंच झालं. कोणी कोणाच्या गळ्यात पडलं नाही. अर्जुनराव बहिणीच्या शेजारी जाऊन उभे राहिले आणि उंच फांद्या खाली वाकवून धरू लागले, म्हणजे तिचा हात पुरावा. मी रडलो, हे लपवत नाही. पलीकडच्या बायांनी पाहिलं असावं, कारण त्यांतली एक माझ्यासाठी पाणी घेऊन आली.

पंचवीस तारखेला चर्चमध्ये झाडाची जागा रिकामी होती. लोक आत येताना सवयीने तिथे बघायचे आणि मग तिकडे न बघितल्यासारखं करायचे. पुढे गव्हाण होती, कडूबाच्या गोठ्यातली, खरीखुरी. कडूबाने तिच्यात कडबा भरला होता, आणि शास्त्राप्रमाणे आहे म्हणून तो स्वतःवर खूश होता.

रुख्मिणीबाईंनी मुलीला कडब्यावर ठेवलं. कडब्यावर काय, काट्यांवरच. पोरीने जो टाहो फोडला तो पत्र्याला भिडला. रुख्मिणीबाईंनी तिला उचललं, ती थांबली. पुन्हा ठेवलं, पुन्हा टाहो. तिसऱ्यांदा कडूबा म्हणाला, "आमच्या वासराले तं लागत नाही." हिंमतराव व्यासपीठावर घामाघूम झाले. थंडी कडाक्याची होती. बाहुली बरी होती, असं त्यांना त्या घटकेला नक्कीच वाटलं असणार.

तेव्हा अन्नपूर्णाबाई उठल्या. त्यांच्या हातात एक गाठोडं होतं. त्या गव्हाणीशी गेल्या, गाठ सोडली आणि सगळा कापूस कडब्यावर पसरला. पांढराशुभ्र, न पिंजलेला, आत सरकी तशीच.

"हा कापूस कुठला?" हिंमतरावांनी विचारलं.

मी चिटणीस. माझ्या खिशात वरखेडचा पूर्ण अहवाल होता, शेंदरासकट, बैठकीत सादर करायला लिहिलेला. माझा हात खिशावर गेला आणि तिथेच राहिला.

"माह्या माहेरचा," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या.

हिंमतराव हुशार होते. रिकाम्या जागेकडे त्यांची नजर गेली, मग कापसाकडे, मग आम्हा पंचांकडे. आम्ही पाचही जण एकदम छताकडे पाहत होतो. "झाडाचा का? झाड तुमच्या माहेरहून यायचं?" त्यांनी विचारलं. "मला हे कोणी सांगितलं नाही."

ते व्यासपीठावरून किंचित पुढे वाकले.

"याच्यावर काही पूजाबिजा झाली होती का, बाई?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

"हाव," त्या म्हणाल्या. "दहीभात दाखवला होता. माह्या भावानं. तो हिंदू हाये."

त्यांना कोणीतरी विचारलं होतं, आणि त्यांनी सांगितलं होतं. पोरीचे हुंदके चालूच होते. हिंमतराव काय करतील हे मला खरोखर सांगता आलं नसतं. त्यांनाही आलं नसतं, असं वाटतं. पण रुख्मिणीबाई रात्रभर जागलेल्या होत्या, त्यांचे हात दुखत होते, आणि त्यांनी त्या ट्रंकेतलं एकही पुस्तक वाचलेलं नव्हतं. त्यांनी वाकून तळहाताने कापूस दाबून पाहिला आणि मुलीला त्यात ठेवलं.

"ऊब आहे," त्या म्हणाल्या.

पोरीने दोनदा पाय झाडले, मूठभर कापूस धरला आणि झोपली.

हिंमतरावांनी झोपलेल्या पोरीकडे पाहिलं. मग शास्त्र उघडून पूर्वेकडून आलेल्या मागी लोकांचा भाग वाचला, जो त्या दिवशी वाचायचाच होता. ते आले, त्यांनी सोनं, ऊद आणि गंधरस दिला, इथपर्यंत वाचून ते थांबले. मी पुढेच बसलो होतो, त्यांच्या समोरच्या कागदावर दाट अक्षरात प्रवचन लिहिलेलं मला दिसत होतं. त्यांनी तो कागद उलटा करून ठेवला.

"हे मागी तारे पाहणारे लोक होते," ते म्हणाले. "आपल्यातले नव्हते. तो ऊद त्यांनी आधी कुठल्या देवापुढे जाळला होता, हे मरीयेने विचारल्याचं कुठे लिहिलेलं नाही. तिने तो ठेवून घेतला."

एवढंच बोलून ते बसले. आमच्या मंडळीच्या इतिहासातलं हे सर्वांत लहान प्रवचन. कडूबाला ते फार आवडलं.

जानेवारीच्या बैठकीत मी माझा अहवाल वाचायला काढला, तेव्हा हिंमतराव म्हणाले, तो तुमच्याकडेच राहू द्या. मग त्यांनी विचारलं, पऱ्हाटीची गोष्ट एक डिसेंबरलाच मला का सांगितली नाही? आम्ही पाचही जणांनी पुन्हा छताकडे पाहिलं. ठराव मात्र कोणी मागे घेतला नाही. तो अजून वहीत आहे आणि आम्ही तो पाळतो. चर्चमध्ये झाड नसतं.

बैठकीहून घरी आलो तर अन्नपूर्णाबाई ओट्यावर बसलेल्या. गव्हाणीतला कापूस त्यांनी हाताने निवडून सरकी वेगळी केली होती. ती एका फडक्यात गच्च बांधलेली होती आणि ते फडकं मांडीवर होतं.

"मास्तर, सकायची अमडापूरची एष्टी कितीले हाये?"

"सव्वासातला."

"बरं झालं. दुपारच्या आत पोचते मंग."

"थांबा, मी शाळेत रजेचं सांगून येतो," मी म्हणालो. "मीही येतो सोबत."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आश्चर्यच वाटलं त्यांना.

"तुमी कायले?" त्या म्हणाल्या. "तठी तुमचं आता काय काम हाये?"